घोडीवरून पडलेली मुलगी आणि पुन्हा बसण्यापर्यंतचे सात महिने

पार्श्वभूमी

नंदुरबार जिल्ह्यातलं तापीकाठचं एक गाव. घरी केळी आणि कापूस, आणि आजोबांपासून चालत आलेला घोड्याचा शौक. सारंगखेड्याची यात्रा हाकेच्या अंतरावर. दत्तजयंतीला भरणाऱ्या तिथल्या घोडेबाजारात घरातले पुरुष दरवर्षी जाणारच, मग खरेदी असो वा नसो.

मुलगी तेरा वर्षांची, आठवीत. सहाव्या वर्षापासून घरच्या म्हाताऱ्या तट्टूवर बसत आलेली. खोगीर नाही, पाय ठेवायची रिकीब नाही. पाठीवर दुहेरी गोणपाट टाकायचं आणि संध्याकाळी नदीच्या रस्त्याने जाऊन यायचं. तिला शिकवलं असं कुणी नाही, पण तोल उत्तम होता.

तट्टू गेल्यावर वडिलांनी यात्रेतून पाच वर्षांची कुमैत (तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची) काठेवाडी घोडी आणली. देखणी, कानांची टोकं एकमेकांना भिडणारी, चलाख. तिला रेवाल, म्हणजे स्वाराला हिसके न देणाऱ्या जलद चालीत तयार करायला चाबूकस्वार (घोड्याला चाल शिकवणारा) ठेवला आणि पुढच्या दत्तजयंतीला घोडी मुलीनेच फिरवून दाखवायची असं घरात ठरलं. मुलीला विचारलं होतं, ती हो म्हणाली होती. तेव्हा ती खूशही होती.

काय बिघडलं

पडण्याची गोष्ट ऑगस्टअखेरची, पण बिघाड जूनपासूनच दिसत होता. रोज तासभर सराव, तोही चार मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली. मान वर ठेव, टाच खाली घे, घोडीचं डोकं उचल. नदीचा रस्ता बंद झाला, कारण रस्त्यावर चाल बिघडते असं चाबूकस्वाराचं मत. जुलैपासून सरावाच्या वेळी मुलीचं पोट दुखायला लागलं. शाळेला जाताना दुखत नसे, क्रिकेट खेळताना दुखत नसे. ही खूण घरात कुणीच मनावर घेतली नाही.

पडण्याच्या दिवशी आदल्या रात्रीचा पाऊस होता, काळी जमीन वरून सुकलेली आणि आत चिकट. पंपघराजवळ डावीकडे वळताना खताची रिकामी गोणी वाऱ्याने उडाली. घोडी दचकली. मुलीने दोन्ही लगाम एकदम खेचले. घोडीने डोकं वर फेकलं, मागचे पाय घसरले, सावरताना तिने पाठ उसळली. मुलगी डाव्या हातावर पडली. डोक्याला वडिलांचं मोटारसायकलचं हेल्मेट होतं, तेही एक नंबर मोठं. ते पडता पडता डोळ्यांवर आलं.

नाना, म्हणजे आजोबा, जुन्या वळणाचे. पडल्याशिवाय स्वार होत नाही, लगेच बस म्हणजे भीती घर करत नाही, असं म्हणून पाच मिनिटांत तिला पुन्हा चढवलं. ती एक फेरी मारून उतरली आणि रात्री मनगट सुजलं. दुसऱ्या दिवशी एक्स-रेमध्ये हाडाला बारीक तडा निघाला. चार आठवडे प्लास्टर.

प्लास्टर निघालं तरी मुलगी तबेल्याकडे फिरकेना. वडिलांनी समजावलं, आईने रागावून पाहिलं. शेवटी एकदा तिनेच आजोबांना सांगितलं, "नाना, माले भेव वाटस." घरात सगळे प्रमाण मराठी बोलतात, मुलगी अहिराणीत फक्त नानांशीच बोलते. नाना त्यानंतर तिला बस म्हणाले नाहीत.

आधी घोडीची तपासणी

धुळ्याहून एका अनुभवी प्रशिक्षकाला बोलावलं. मुलीला पाहण्याआधी त्यांनी घोडी पाहिली, आणि या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी निर्णय हाच. मुलाची भीती ही नेहमी मनाचा कमकुवतपणा नसते. पुष्कळदा जनावराबद्दलची ती अचूक माहिती असते, फक्त मुलाला ती शब्दांत मांडता येत नाही.

तोंडात काय निघालं ते आधी. पशुवैद्यकांनी तोंड उघडून पाहिलं तर वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार झालेल्या, गालाला आतून दोन जखमा. लगामाच्या तोंडातल्या सळईला काटे होते. असा काटेरी लगाम ओझी वाहणाऱ्या आणि ओढकामाच्या जनावरांबाबतच्या 1965 च्या केंद्रीय नियमांनी मनाई केलेला आहे, तरी बाजारात सर्रास मिळतो. दुखऱ्या तोंडात काटे खेचले गेले की घोडा थांबत नाही, दुखण्यापासून पळतो आणि डोकं वर फेकतो. मुलीने घाबरून दोन्ही लगाम खेचले तेव्हा नेमकं हेच झालं.

पाठीचं वेगळं. बोटांनी कण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक वीत दाबत गेलं तर आयाळ संपते तिथल्या उंचवट्याच्या मागे घोडी कान पाडून पाठ खचवत होती. खोगिराचं भरण दबून गेलेलं. वर माणूस बसल्यावर उंचवटा आणि खोगीर यांत किमान दोन बोटं जायला हवीत, इथे एकही जात नव्हतं. सरावानंतर खोगीर काढलं की घामाने भिजलेल्या पाठीवर तळहाताएवढे दोन कोरडे डाग दिसत. असा कोरडा डाग म्हणजे बहुधा तिथे दाब आहे.

तिसरी गोष्ट चंदीची, म्हणजे दाण्याची. यात्रेसाठी अंग भरावं म्हणून रोज चार किलो हरभरा आणि बाजरी, वर गूळ. आणि दिवसातले बावीस-तेवीस तास दाव्याला बांधलेली. घोडीचं वजन टेपने काढलं. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले 11,880, उत्तर किलोत. घेर 164, लांबी 150, वजन साधारण 340 किलो. एवढ्या जनावराला सुका चाराच दिवसाला पाच ते सात किलो लागतो, आणि हलक्या कामाला दाणा दीड किलोच्या वर लागत नाही. इथे प्रमाण उलटं झालेलं. जादा दाणा आणि बांधून ठेवणं एकत्र आलं की घोडी 'तापट' होते. मग सगळे तिच्या जातीला दोष देतात.

समोरचे पर्याय

घरात पाच वाटा बोलल्या गेल्या.

पहिली, पुन्हा त्याच घोडीवर बसवायचं, फक्त लगाम बदलून. चाबूकस्वाराचा कल इकडे होता. दुसरी, दत्तजयंतीला घोडी विकून गरीब स्वभावाचं जनावर आणायचं. वडील जवळजवळ इथेच येऊन थांबले होते, पण नानांनी एक मुद्दा काढला जो प्रशिक्षकांच्याही लक्षात आला नव्हता: घोडी विकली तर पोरगी जन्मभर म्हणेल, माझ्यामुळे गेली. तिसरी, घोडा हा विषयच बंद करायचा. आईला हे पटत होतं, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. घोडा सोडणं हाही निर्णय असू शकतो, मात्र तो भीतीच्या पहिल्या महिन्यात घेऊ नये. चौथी, सुटीत पुण्याच्या रायडिंग स्कूलला पाठवायचं. ते उन्हाळ्याशिवाय शक्य नव्हतं.

पाचवी वाट प्रशिक्षकांची. घोडी आणि मुलगी वेगळी करायची. घोडीवर उपचार आपल्या गतीने चालू द्यायचे, मुलीला दुसऱ्या शांत जनावरावर आणायचं, आणि दोघींची गाठ पुन्हा घालायची की नाही हे नंतर पाहायचं. यात्रेतलं फिरवणं रद्द. ही शेवटची अट मान्य करायला घराला आठ दिवस लागले, कारण गावात सांगून झालं होतं.

पाचवीच निवडली. सहा आठवड्यांनी मुलगी नको म्हणाली तर तिसरी वाट मोकळी, असं वडिलांनी तिच्यासमोर कबूल केलं.

दुसरं जनावर कसं निवडलं

गावाशेजारी वरातीला घोडी देणारे एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडची पंधरा वर्षांची पांढरी घोडी आठवड्यातून चार संध्याकाळी आणायची, त्या बदल्यात तिचा चारा आणि नालबंदाचा खर्च घराने द्यायचा, लग्नतिथीला घोडी मिळणार नाही, असं ठरलं. टेपने वजन 310 किलोच्या आसपास. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत असावं हा सर्वसाधारण ठोकताळा. मुलगी 41 किलो, खोगीर आणि गादी 8 किलो, म्हणजे भरपूर मोकळीक.

वरातीच्या घोडीचे गुण उघड आहेत. फटाके, गर्दी, दिव्यांच्या माळा यांना ती बुजत नाही. दोष कमी बोलले जातात. तिला समोरून कुणीतरी धरून नेण्याची सवय असते, त्यामुळे पायाचा दाब म्हणजे काय हे कळत नाही. माणसांचा घोळका दिसला की ती आपणहून थांबते. काही घोड्या ढोलावर नाचायला शिकवलेल्या असतात. मालकाने सांगितलं, ही नाचत नाही. ते पडताळून पाहिलं नाही, आणि ते पुढे भोवलं.

प्रत्यक्ष काम

पहिले दोन आठवडे बसणं नाहीच. रोज वीस-पंचवीस मिनिटं जमिनीवरचं काम. खांद्याच्या बाजूने जायचं, कारण घोड्याला नाकासमोर आणि शेपटीमागे थेट दिसत नाही. खरारा मानेपासून मागे. मग चारही खूर उचलून साफ करायचे. खूर उचलताना तोंड घोडीच्या शेपटीकडे, हात खांद्यावरून पायाच्या मागच्या शिरेवरून खाली सरकवत न्यायचा, आणि घोडीने आपणहून सोडण्याआधी आपण खाली ठेवायचा. मग तीन मीटरच्या दोरीवर चालवणं: चाल, थांब, दोन पावलं मागे, मागचा भाग बाजूला. दोरी हाताला कधीही गुंडाळायची नाही, घड्या करून मुठीत धरायची. घोडा पळाला तर गुंडाळलेल्या दोरीत बोटं जातात.

हे काम वेळकाढू वाटतं, पण भीतीचा मोठा भाग इथेच सुटतो. पाठीवर बसलेल्या मुलाला घोडा ऐकतोय की नाही हे उशिरा कळतं. जमिनीवर कान, डोळा, पाय सगळं समोर असतं. नवव्या दिवशी पांढऱ्या घोडीने दोरी न ताणता दोन पावलं मागे घेतली तेव्हा मुलगी हसली. "परत करू?" असं तिनेच विचारलं. गेल्या चार महिन्यांत घोड्याच्या बाबतीत तिने स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट, अशी नोंद प्रशिक्षकांच्या वहीत आहे.

दरम्यान सामान आलं. घोडेस्वारीचं हेल्मेट: पुढची कड भुवईच्या दोन बोटं वर, हनुवटीचा पट्टा आणि हनुवटी यांत एक बोट, पट्टा सैल सोडून मान हलवली तरी हेल्मेट कपाळाच्या कातडीसकट हलायला हवं. मोटारसायकलचं हेल्मेट मानेला जड पडतं आणि कान झाकतं. एकदा पडून आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी आतला थर चेपलेला असू शकतो, ते बाद. पायात दीड-दोन सेंटिमीटर टाचेचे बूट, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. रिकीब बुटापेक्षा एकूण अडीच सेंटिमीटर रुंद. अरुंद असली तर पाय अडकतो, फार रुंद असली तर घुसतो.

जागाही बदलली. पंपघराकडची पट्टी सोडून कापूस उपटलेल्या रानाची एक पट्टी वखरून ढेकळं फोडून घेतली. काळ्या रानात पावसानंतर निसरडं आणि उन्हाळ्यात भेगा. भेगेत खूर गेला की शीर दुखावते. म्हणून भेगा पडू लागल्या की वखर पुन्हा फिरवायचा असं ठरलं.

तिसऱ्या आठवड्यात बसणं सुरू झालं. घोडी सात मीटरच्या दोरीवर, प्रशिक्षक मध्ये उभे, मुलीच्या हातात लगाम नाही. घोडीच्या गळ्यात चामडी पट्टा, तोल गेला तर तो धरायचा. यामागे कारण आहे. घाबरलेला स्वार गुडघे आवळतो, टाच वर जाते, अंग पुढे झुकतं आणि हात लगामावर लोंबकळतात. आवळलेले गुडघे घोड्याला पुढे ढकलतात, खेचलेला लगाम मागे ओढतो. त्याला काय करावं ते कळत नाही. लगाम हातात नसला की निदान हा गोंधळ होत नाही.

पहिली बैठक बारा मिनिटांची, फक्त चाल. पावलं मोठ्याने मोजायची. मोजताना श्वास बाहेर पडतोच, रोखून धरता येत नाही. एक नियम कडक: केव्हा उतरायचं ते मुलगी ठरवणार, आणि ती म्हणाली की लगेच, "अजून एक फेरी" नाही. पहिल्या दिवशी तिने चौथ्या मिनिटाला उतरून पाहिलं. प्रशिक्षकांनी उतरवलं. मग ती परत चढली. नियम खरा आहे की नाही हे ती तपासत होती.

भीतीला शून्य ते दहा असे गुण ती देई. काम तीन-चारवर ठेवायचं, सहाच्या वर गेलं की एक पायरी खाली यायचं. पाचव्या आठवड्यात पाच-सहा पावलांची दुडकी (हलकी धाव), मग चाल, मग परत. उभ्या घोडीवरून आपत्कालीन उतरणं प्रत्येक वेळी तीनदा: दोन्ही पाय रिकिबीतून बाहेर, हात मानेवर, पोटावर झुकून पाय मागून फिरवायचा, गुडघे मोडून जमिनीवर. एका लगामाने थांबवणंही शिकवलं: एक हात हळूहळू मांडीकडे आणत मान वळवायची, घोडी गोल फिरून थांबते. हे चालीत किंवा हळू दुडकीतच. भरधाव घोड्याची मान अशी वळवली तर तो आडवा पडू शकतो.

मधला धक्का

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराई लागली. मुलगी दोरीशिवाय फिरण्याचा तिसरा दिवस. गावातून हळदीचा बँड वाजायला लागला आणि पांढऱ्या घोडीने मान उचलून जागच्या जागी पाय नाचवायला सुरुवात केली. मुलगी थिजली. प्रशिक्षक एवढंच म्हणाले, "एक लगाम. मग उतर." तिने डावा लगाम मांडीकडे घेतला, घोडी वळून थांबली, आणि ती शिकवल्याप्रमाणे उतरली. पाय लटपटत होते.

इथे ऑगस्टमधलाच प्रश्न पुन्हा आला: आता बसवायचं की नाही? प्रशिक्षकांनी विचारलं, ती "आज नाही" म्हणाली, विषय संपला. मात्र बँड ऐकू येतोय तोवर घोडी दोरीवर दहा मिनिटं चालवायची का, असं त्यांनी विचारलं आणि ती तयार झाली. भीतीचा आकडा तीनवरून आठवर गेला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा लांब दोरी, लगामाशिवाय. पाच बैठकांत आकडा चारवर आला.

या वेळी ती पडली नव्हती म्हणून हे सोपं गेलं, असं चाबूकस्वाराचं म्हणणं. ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं असं की या वेळी काय करायचं ते तिला येत होतं आणि तिने ते केलं.

निष्पत्ती

दत्तजयंतीला घर यात्रेला गेलं, घोडी गेली नाही. ओळखीच्यांनी विचारलं तेव्हा उत्तर वडिलांनी दिलं, मुलीला द्यावं लागलं नाही. एवढी साधी गोष्ट आधी ठरवून ठेवली होती.

सरावाला 'सराव' म्हणणं जानेवारीत बंद झालं. आठवड्यातली एक संध्याकाळ नदीच्या रस्त्याची: वडील सायकलवर पुढे, मुलगी पांढऱ्या घोडीवर, कुणी काही सुधारायचं नाही. भीती पायरीपायरीने गेली होती, पण आनंद परत आला तो या संध्याकाळींनी. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भीती गेलेली मुलंही घोडा सोडतात, कंटाळून.

काठेवाडी घोडीच्या दाढा भूल देऊन कानशीने घासल्या. गालाच्या जखमा भरेपर्यंत तोंडात काहीच घातलं नाही, नंतर गुळगुळीत सांध्याचा लगाम, ओठाच्या कोपऱ्यात एक सुरकुती पडेल इतपत वर. खोगीर नव्याने भरून घेतलं. दाणा दहा दिवसांत हळूहळू चार किलोवरून दीडवर आणला (एकदम बदलला तर पोटशूळ होतो), कडबा आणि सुकं गवत वाढवलं, दिवसातले चार तास कुंपणात मोकळी. महिन्याभरात ती खोगीर पाहून कान पाडेनाशी झाली.

होळीच्या सुमारास मुलीने स्वतः विचारलं, हिला मी दोरीवर फिरवू का? मार्चअखेर ती तिच्यावर बसली, बंद जागेत, चालीने, दहा मिनिटं. दुडकी पांढऱ्या घोडीवरच. एप्रिलपासून वेळ सकाळी सहा ते साडेसात. आपल्याकडच्या उन्हात त्यानंतर घोड्याला काम लावणं बरं नव्हे.

काय वेगळं करता आलं असतं

पडल्यावर लगेच बसवणं ही सगळ्यात महागात पडलेली गोष्ट. स्वार सावध असेल, डोक्याला मार नसेल, हातपाय तपासले असतील, पडण्याचं कारण कळलेलं आणि दूर झालेलं असेल आणि त्याची इच्छा असेल, तरच. डोक्याला मार लागला असेल, उलटी, गुंगी, डोकेदुखी असेल तर डॉक्टरने सांगेपर्यंत घोड्याजवळही नको. इथे यातलं काहीही पाहिलं नव्हतं. तड्याच्या हाताने मारलेली ती एक फेरी मुलीला पडण्यापेक्षा जास्त आठवते.

घोडी घेतानाच तोंड उघडून फक्त वय पाहिलं, दाढा पाहिल्या नाहीत. बाजारात खालचा ओठ ओढून पुढचे दात दाखवतात; दाढांसाठी पशुवैद्य लागतो. पाठ दाबून पाहणं मात्र कुणालाही दोन मिनिटांत जमतं.

पांढऱ्या घोडीजवळ कुणी जमिनीवर उभं राहून हलगी वाजवून पाहिली असती तर नोव्हेंबरचा प्रसंग टळला असता. वरातीचं जनावर शिकण्यासाठी घेताना ही परीक्षा धरावीच. जुलैतल्या पोटदुखीबद्दल तर आईनेच नंतर सांगितलं की तिला शंका होती, पण यात्रेचं सगळं ठरलेलं असल्याने ती बोलली नाही.

एक हिशोब अजून मिटलेला नाही. काटेरी लगाम गेल्यापासून घोडीची मान खाली आली आणि रेवाल पूर्वीइतकी ठसठशीत राहिली नाही. मऊ लगामावर ती चाल पुन्हा बसवायला वर्ष लागेल असं चाबूकस्वार म्हणतात, प्रशिक्षकांच्या मते पाठ पूर्ण सुधारली की बरीचशी आपोआप येईल. बाजारात आज घोडीची किंमत घेतली त्यापेक्षा कमी येईल, हे दोघांनाही मान्य आहे. विकायची की ठेवायची ते पावसाळ्यानंतर ठरेल, आणि या वेळी मुलीला आधी विचारायचं असं वडिलांनी ठरवलं आहे.